चुकीचे निदान, तातडीची दुरुस्ती

२१ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील सुमारे एक तृतीयांश रुग्णालयांना तातडीच्या विभागात गंभीर दुखापत नसलेले रुग्ण घेणे थांबवावे लागले. आधी ठरलेल्या काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात २५ हजारांपैकी ८ हजार संगणक कोलमडले. केंटकीतील लेक्सिंग्टनच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांमधले संगणक खबरदारी म्हणून बंद केले आणि अहवाल हाताने लिहायला घेतले. ऑस्ट्रेलियात कोल्स या सुपरमार्केट साखळीची सुमारे ११०० बिलिंग यंत्रे अडली. कोणी हल्ला केला नव्हता, कुठली साथ पसरली नव्हती. या सगळ्या संगणकांवर मॅकॅफी कंपनीचे अँटीव्हायरस होते, आणि कंपनीने त्या दिवशी पाठवलेल्या अपडेटने विंडोज एक्सपीमधल्या एका पूर्णपणे निरोगी फाइलला विषाणू ठरवून टाकले होते.

ती फाइल म्हणजे एसव्हीसी-होस्ट. विंडोजमधल्या अनेक अंतर्गत सेवा, त्यात नेटवर्कशी संबंधित सेवाही आल्या, या एका फाइलच्या आधाराने चालतात. ती हलवली की संगणक जाळ्यातून तुटतो किंवा पुन:पुन्हा बंद-चालू होत राहतो. विकोर्ल नावाच्या एका खऱ्या विषाणूला पकडण्यासाठी ५९५८ क्रमांकाची व्याख्या-फाइल तयार झाली होती. तिने चोराऐवजी घराचा वॉचमनच धरला. कंपनीने चूक मान्य केली, काही तासांत ती फाइल मागे घेऊन ५९५९ क्रमांकाची नवी फाइल दिली, बिघडलेल्या यंत्रांसाठी दुरुस्तीची पद्धतही जाहीर केली. वेगाच्या कसोटीवर पाहिले तर कंपनीला नावे ठेवायला फारशी जागा नाही. आपले उत्पादन चुकले हे कबूल करायला आठवडे लावणाऱ्या कंपन्या इतर क्षेत्रांत कमी नाहीत.

तरीही त्या दिवशी रुग्णालयांतले हाल या वेगामुळे फारसे वाचले नाहीत. तातडीची दुरुस्ती आणि प्रत्यक्ष बरे होणे या दोन गोष्टींमध्ये अंतर का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. रुग्णनोंदी, तपासण्यांचे निकाल, औषधांच्या चिठ्ठ्या हे सगळे आता संगणकावर गेलेले असताना तर अधिकच.

संगणकाच्या संरक्षणाची बहुतेक भाषा वैद्यकशास्त्राकडून उसनी घेतलेली आहे. १९८३ मध्ये फ्रेड कोहेन हा विद्यार्थी स्वत:च्या प्रती काढणाऱ्या कार्यक्रमांवर काम करत होता, तेव्हा त्यांना ‘व्हायरस’ म्हणावे असे त्याचे प्राध्यापक लिओनार्ड एडलमन यांनी सुचवले. (हेच एडलमन आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या नावातले ‘ए’, आणि पुढे डीएनएच्या रेणूंकडून गणित सोडवून घेणारेही तेच.) संसर्ग, विलगीकरण, प्रादुर्भाव हे शब्द मागोमाग आले. चाचणीशास्त्रातला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ हा शब्दही तिथलाच. रोग नसताना रोग आहे असे सांगणारा निकाल, असा त्याचा सरळ अर्थ. मात्र शब्द उसने घेताना त्यांच्या मागची शिस्त पूर्णपणे आली नाही.

चाचणी कितीही चांगली असली तरी रोग दुर्मीळ असेल तर खोटे निकाल खऱ्यांपेक्षा जास्त निघतात. हजार लोकांत ५ जणांना एखादा रोग आहे असे समजू. चाचणी त्या पाचही जणांना अचूक पकडते, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. ९९५ निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जण असे अडकतात. म्हणजे एकूण ५५ जणांच्या हाती ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद पडतो आणि त्यातला खरा रोगी अकरांत एकच असतो. कर्करोगाच्या चाळणी तपासण्यांबाबत डॉक्टर ‘पहिल्या निकालाने घाबरू नका’ असे सांगतात ते याच हिशेबामुळे.

आता हाच हिशेब संगणकाला लावून पाहावा. एका साध्या संगणकात चार लाख फाइली आहेत आणि अँटीव्हायरस लाखात एकदाच चुकतो असे धरले, म्हणजे अचूकता ९९.९९९ टक्के, तरी त्या एका यंत्रावर चार खोटे गजर वाजतील. आणि खऱ्या विषाणूच्या फाइली? बहुतेक यंत्रांवर, बहुतेक दिवशी, एकही नाही. म्हणून या धंद्यात लाखात एक ही चूकसुद्धा परवडत नाही. स्वतंत्र प्रयोगशाळा अँटीव्हायरसची परीक्षा घेतात, त्यात विषाणू किती पकडले याबरोबर निरपराध फाइली किती धरल्या याचेही गुण कापले जातात. ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट या त्यातल्या नावाजलेल्या संस्था. जाहिरातीत मात्र पहिलाच आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो.

माणूस आणि यंत्र यांच्यातला खरा फरक पुढे आहे. माणसांच्या चाचण्या चुकतात तेव्हा त्या विखुरलेल्या चुकतात. आज पुण्यात एकाची, उद्या नागपुरात दुसऱ्याची. संगणकांचे तसे नाही. एसव्हीसी-होस्टची तीच फाइल, अक्षर न् अक्षर सारखी, कोट्यवधी यंत्रांवर असते. ती एकदा चुकून विषाणू ठरली की एकाच वेळी सगळीकडे ठरते. सगळ्या गावाने एकाच दिवशी, एकाच मिनिटाला, एकच चुकीची गोळी घ्यावी तसे. दुसरा फरक त्याहून गंभीर. डॉक्टर चाळणी तपासणीच्या निकालावर थेट शस्त्रक्रिया करत नाहीत. मध्ये दुसरी चाचणी असते, बायोप्सी असते, निदान एखाद्या ज्येष्ठाचे मत असते. अँटीव्हायरस निदान आणि शस्त्रक्रिया एकाच क्षणात उरकतो, आणि तेही रुग्णाला न विचारता. संशयित फाइल काढून टाकणे हाच अनेक ठिकाणी आपोआप होणारा उपचार असतो.

मग दुरुस्ती पोहोचली का नाही? कारण बिघडलेल्या यंत्राचा पहिला बळी नेटवर्क हाच होता. चुकीची फाइल इंटरनेटवरून आली, पण सुधारलेली फाइल घ्यायला संगणक इंटरनेटवर येऊच शकत नव्हता. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जायचे, ते सेफ मोडमध्ये चालू करायचे, पेन ड्राइव्हवरून मूळ फाइल परत जागेवर ठेवायची आणि पुढच्या यंत्राकडे वळायचे. आठ हजार यंत्रे असलेल्या संस्थेत याला किती माणसे आणि किती रात्री लागतात याचा अंदाज कोणालाही यावा. कंपनीच्या दृष्टीने प्रश्न काही तासांत सुटला होता. वॉर्डातल्या परिचारिकेच्या दृष्टीने तो तेव्हा कुठे सुरू झाला होता. ग्राहक संस्थांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी जणांना त्रास झाल्याचे कंपनीने सुरुवातीला सांगितले. आकडा खरा धरला, तरी ज्याचे रुग्णालय त्या अर्ध्या टक्क्यात आहे त्याच्यासाठी तो शंभर टक्केच असतो.

चुकीचे मूळही शिकण्यासारखे होते. कंपनीने तपासणीच्या यंत्रणेत नुकताच बदल केला होता आणि त्या वेळी कार्यालयांत सर्रास वापरात असलेली विंडोज एक्सपीची तिसरी सुधारित आवृत्ती, कंपनीच्याच तेव्हाच्या अँटीव्हायरससह, चाचणीच्या यादीतून निसटली होती. म्हणजे औषध बाजारात आणले, पण ज्यांना ते सर्वाधिक दिले जाणार त्या गटावर ते तपासलेच नाही. पुढे कंपनीने महत्त्वाच्या प्रणाली-फाइलींची ‘यांना हात लावायचा नाही’ अशी विस्तृत यादी संरक्षणात घातली. तोवर इतर कंपन्यांचेही असे प्रमाद होऊन गेले होते. २००७ मध्ये सिमँटेकने चिनी भाषेतील विंडोजच्या दोन मूलभूत फाइली विषाणू म्हणून काढल्या, २००८ मध्ये एव्हीजीने दुसरी एक. आणि २०१२ मध्ये सोफोसने तर कमालच केली. स्वत:चाच अपडेट आणणारा कार्यक्रम विषाणू ठरवला, त्यामुळे चूक सुधारणारे अपडेट आणणारा हातच काही यंत्रांवर बांधला गेला.

१९ जुलै २०२४ चा दिवस अजून लोकांच्या स्मरणात आहे. तो शब्दश: खोटा गजर नव्हता, पण जात तीच. क्राउडस्ट्राइक या कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी मजकूर-फाइल पाठवली. नव्या रचनेत २१ रकाने होते, संगणकातला कार्यक्रम मात्र २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेलेला कार्यक्रम नसलेल्या जागी पोहोचला आणि विंडोज निळ्या पडद्यावर जाऊन थांबली. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने फाइल मागे घेतली. अवघी ७८ मिनिटे! मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगॅम रुग्णालय-समूहाने त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या सर्व भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द केल्या. जर्मनीत ल्युबेक आणि कील येथील विद्यापीठ रुग्णालयानेही तेच केले. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतील नोंदप्रणाली अडली. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्याची छायाचित्रे जगभर फिरली. २०१० मध्ये मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी असलेले जॉर्ज कुर्ट्झ हेच २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकचे प्रमुख होते. या योगायोगावर तेव्हा बरेच विनोद झाले. त्यातून एका माणसाचा दोष काढण्यापेक्षा, चौदा वर्षांत या धंद्याची एक मूळ सवय बदलली नव्हती हे लक्षात घेणे अधिक उपयोगाचे.

ती सवय म्हणजे सगळ्यांना एकदम देणे. नवी लस आधी थोड्या स्वयंसेवकांना, मग शेकड्यांना, मग हजारोंना दिली जाते. विषाणू-व्याख्या मात्र एका कळीसरशी जगभर जातात. त्याला कारण आहे आणि ते पोकळ नाही. नवा विषाणू तासाभरात खंड ओलांडतो, त्याच्याशी टप्प्याटप्प्याने लढता येत नाही, असे कंपन्या म्हणतात. पण पहिल्या टप्प्यात शंभरात एका यंत्राला अपडेट देऊन अर्धा तास थांबले तर २०१० चा किंवा २०२४ चा बिघाड त्या एका टक्क्यातच उघडा पडला असता. अर्ध्या तासाचा उशीर आणि आठ हजार यंत्रांची हमाली यांत निवड करायला फार मोठी तज्ज्ञता लागत नाही. क्राउडस्ट्राइकने घटनेनंतर टप्प्याटप्प्याने वितरणाची आणि ग्राहकाला वेळ निवडू देण्याची पद्धत स्वीकारली, अपघाताच्या मूळ कारणांचा सविस्तर अहवालही ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या औषध कंपनीने इतका उघड अहवाल तीन आठवड्यांत दिला असता तर तिचे कौतुकच झाले असते. इथेही व्हायला हरकत नाही.

दोष दर वेळी विक्रेत्याचाच असतो असेही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे वैद्यकीय उपकरणांच्या अडचणींची जी जाहीर नोंदवही असते, तिच्यात २०१६ ची एक नोंद आहे. हृदयात नळी घालून तपासणी सुरू होती, रुग्णाला गुंगी दिलेली होती, आणि रक्तदाब व इतर मोजमापे दाखवणाऱ्या मर्ज हीमो या प्रणालीचा पडदा मध्येच काळा पडला. अँटीव्हायरसची तासाभराने होणारी झडती त्याच वेळी सुरू झाली होती आणि मोजमापांचा ओघ तुटला होता. प्रणाली पुन्हा सुरू करेपर्यंत सुमारे पाच मिनिटे गेली. तपासणी पुढे सुखरूप पार पडली. रुग्णांची माहिती आणि प्रतिमा असलेल्या फोल्डरांना झडतीतून वगळावे अशी सूचना उत्पादकाने आधीच दिलेली होती. रुग्णालयात ती पाळली गेली नव्हती. पाच मिनिटे ही कार्यालयात चहाला लागतात. कॅथलॅबमध्ये ती फार लांब असतात.

मग अँटीव्हायरस काढूनच टाकावा? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-ट्रस्टची कामे विस्कळीत केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले आणि देशातल्या या मोठ्या सरकारी रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनावर कारभार हाकावा लागला. खोट्या गजरामुळे वाया जाणारा दिवस आणि खऱ्या हल्ल्याने बुडणारे पंधरवडे यांची तुलना होऊ शकत नाही. संरक्षण हवेच.

धोका वेगळ्या वाटेने येतो. सतत खोटा वाजणारा गजर माणसाला बहिरा करतो. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, खाटेपाशी वाजणाऱ्या गजरांपैकी ८५ ते ९९ टक्के गजरांवर काही करण्याची गरजच नसते. त्याच इशाऱ्यात साडेतीन वर्षांतील गजरांशी संबंधित ९८ घटनांची नोंद होती आणि त्यांतल्या ८० घटनांत रुग्ण दगावला होता. खरा गजर वाजला तेव्हा तो ऐकला गेला नाही, बंद केलेला होता किंवा हळू केलेला होता. घरच्या संगणकावर हेच छोट्या प्रमाणात घडते. नेहमीच्या वापरातल्या सॉफ्टवेअरवर दोनदा लाल खिडकी आली की तिसऱ्यांदा माणूस ‘परवानगी द्या’ दाबून मोकळा होतो. चोरीचे सॉफ्टवेअर वाटणारे तर स्पष्टच लिहितात, आधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो. ही सूचना पाळणाऱ्यांच्या संगणकात नेमके काय शिरते हे सांगायला नको.

म्हणून विक्रेत्याने चूक झटपट सुधारणे हे केवळ सौजन्य नाही. प्रत्येक खोटा गजर लवकर मिटला की पुढच्या खऱ्या गजरावर विश्वास उरतो. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडतेही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने क्रोम आणि त्या घडणीच्या इतर लोकप्रिय कार्यक्रमांवर ठपका ठेवला. एवढा गलका झाला की सुधारित व्याख्या त्याच दिवशी आल्या. गलका करायला कोट्यवधी वापरकर्ते होते! एकट्या माणसाने घरी लिहिलेल्या छोट्या सॉफ्टवेअरला ही चैन नसते. नीर सोफर हे मोफत उपयुक्त साधने लिहिणारे इस्रायली विकासक २००९ पासून हीच तक्रार करत आले आहेत. डझनावारी अँटीव्हायरस कंपन्यांना एकेक करून कळवायचे, उत्तराची वाट पाहायची, आणि नवी आवृत्ती काढली की पुन्हा पहिल्यापासून.

मराठी वापरकर्त्यांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. जुन्या पद्धतीचे मराठी टंकन-कार्यक्रम कळफलकावरची प्रत्येक कळ मध्येच पकडतात आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर उमटवतात. पासवर्ड चोरणारे हेरगिरीचे कार्यक्रमही कळा अशाच पकडतात. पकडण्याची रीत एक, हेतू वेगळा. आणि हेतू वाचण्याची विद्या अँटीव्हायरसकडे नाही. अशी छोटी साधने बहुतेकदा डिजिटल स्वाक्षरीविना वाटली जातात, कारण त्या स्वाक्षरीला दरवर्षी पैसे मोजावे लागतात. पुण्यातून उभ्या राहिलेल्या क्विक हीलपासून परदेशी कंपन्यांपर्यंत बहुतेकांकडे ‘ही फाइल निर्दोष आहे, पुन्हा तपासा’ असे कळवण्याची सोय आहे. ती वापरावी. तोवर संशयित फाइल पुसून न टाकता विलगीकरणात ठेवावी. तिथून ती परत आणता येते, पुसलेली आणणे अवघड. व्हायरसटोटल या मोफत सेवेवर एकच फाइल साठ-सत्तर अँटीव्हायरसकडून एकदम तपासून मिळते. एखाद-दोघांनीच बोट दाखवले तर खोट्या गजराची शक्यता मोठी, वीस-पंचवीस जणांनी दाखवले तर फाइल विसरावी. मात्र त्या सेवेवर टाकलेली फाइल इतरांनाही पाहता येऊ शकते, तेव्हा रुग्णांची माहिती किंवा बँकेची कागदपत्रे तिथे चढवू नयेत.

रुग्णालयांची जबाबदारी याहून मोठी आहे. लहान-मोठ्या शहरांतली रुग्णालये आता झपाट्याने संगणकीय केसपेपरकडे वळत आहेत आणि अँटीव्हायरसची खरेदी बहुधा दर यंत्रामागे किती रुपये एवढ्याच आकड्यावर होते. विचारायला हवे ते प्रश्न वेगळेच असतात. अपडेट आधी हिशेब विभागातल्या चार यंत्रांवर आणि दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात, असा क्रम लावता येतो का? उपकरण बनवणाऱ्याने वगळायला सांगितलेली फोल्डरे खरोखर वगळली आहेत का, आणि ते कोणी तपासले? यंत्र उठेनासे झाले तर मूळ फाइल असलेला पेन ड्राइव्ह कोणत्या कपाटात आहे, त्याची किल्ली रात्रपाळीत कोणाकडे असते? आगीची रंगीत तालीम वर्षातून एकदा होते, तशी संगणक बंद ठेवून चार तास ओपीडी चालवण्याचीही व्हावी. छापील केसपेपरचे गठ्ठे पुरेसे आहेत का, रक्तगटाची नोंद कागदावर कुठे सापडते, आणि प्रयोगशाळेचा निकाल वॉर्डात हाताने कोण नेऊन देतो, हे त्या चार तासांत कळते.